अकरा सायकली आणि एक दिवस

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी बडनेरा ते मूर्तिजापूर या पट्ट्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४१. गेल्या वर्षी गावातील आम्ही अकरा जणांनी सायकलने एका दिवसात शेगावला जायचे ठरवले. अंतर १२८ किलोमीटर. सकाळी सरपंचांनी हार घातले, फोटो निघाले आणि निघायला साडेसात वाजले. गिअरच्या सायकली असलेली दोन मुले पुढे गेली ती थेट अकोल्यात भेटली. माझ्या मोठ्या बाबांच्या (थोरल्या काकांच्या; वय ६३, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सुरू आहेत) मागच्या चाकाचे तीनदा पंक्चर झाले. बोरगाव मंजूजवळ दुपारी दीडच्या सुमारास पाण्याच्या बाटलीवरून भांडण झाले, सात जणांनी छोटा हत्ती बोलावला आणि सायकलने शेगावला चौघेच पोहोचले, तेही अंधार पडल्यावर. तेव्हापासून गावातली दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत. येत्या जानेवारीतील शेवटच्या रविवारी पुन्हा जायचे आहे. दोघांनी यंदा अंग काढून घेतले, पण माझी अकरावीतली पुतणी आणि तिची मैत्रीण येते म्हणतात. त्याला गावात विरोध आहे. मोठे बाबा रोज विचारतात, 'मले काहून नाही नेत?' सगळ्यांना एका दिवसात पोहोचवायचे तर वेग किती ठेवावा, आणि मोठ्या बाबांना नाही कसे म्हणावे?"

उत्तर:

नमस्कार. तुम्ही वेग विचारला आहे, म्हणून आधी तुमच्याच पत्रातील आकडे मांडून पाहू. साडेसातला निघून दीड वाजता तुम्ही बोरगाव मंजूजवळ, म्हणजे गावापासून अंदाजे ६४ किलोमीटरवर होतात. सहा तासांत ६४ किलोमीटर हा हिशेब ताशी अकराच्या आत येतो, आणि इतक्या कमी वेगाने तर आठवडी बाजाराला दोन पिशव्या लटकवून निघालेला माणूसही सायकल चालवत नाही. चाक फिरत होते तेव्हा तुमची मंडळी ताशी पंधराने जात होती असे धरले, तर सायकलवर सव्वाचार तास गेले आणि पावणेदोन तास रस्त्याच्या कडेला उभे राहण्यात गेले. हे पावणेदोन तास कोणाच्या लक्षात राहत नाहीत, कारण ते चहाची दहा मिनिटे, मागच्यांची वाट पाहण्याची पंधरा मिनिटे, कोणाच्या तरी फोनची पाच मिनिटे असे सुटे सुटे खर्च होतात. हारतुऱ्यांत गेलेला पहाटेचा तास याखेरीज. सरपंचांना दुखवण्याचे कारण नाही. त्यांचा सत्कार आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर उरकून घ्या आणि रविवारी सकाळी कोणालाही न कळवता निघा.

यंदाचा दिवस मांडताना सूर्यापासून सुरुवात करू. जानेवारीच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे उजेडाचे अकरा तास आणि दोन्ही बाजूंना थोडा झुंजूमुंजू प्रकाश हाताशी असतो. या अकरा तासांत बसत नसलेली योजना ही योजनाच नव्हे, असे मी मानतो. मुले तुम्हाला पहाटे चारला निघायचा आग्रह करतील; तो ऐकू नका. त्या वेळी महामार्गावर धुके असू शकते आणि रात्रभर ट्रक हाकत आलेल्या चालकाच्या डोळ्यांवर झोप असते. साडेसहाला, समोरचा माणूस ओळखू येईल इतके उजाडले की निघा. चालत्या चाकाचा वेग ताशी १६ किलोमीटर धरला, तर १२८ किलोमीटरना बरोबर आठ तास लागतात. थांब्यांसाठी सव्वादोन तास बाजूला काढा: मूर्तिजापुरात वीस मिनिटे, अकोल्याच्या वळणरस्त्यावर जेवणासाठी पाऊण तास, बाळापुरात वीस मिनिटे, मध्ये चार ठिकाणी सात-आठ मिनिटे आणि उरलेला वेळ पंक्चरच्या नावाने. अशा रीतीने पावणेपाचला शेगाव येते आणि सूर्यास्ताआधी तासाभराहून अधिक वेळ हातात राहतो. (बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे आणि तो पाहण्यासारखाच आहे, परंतु त्या दिवशी नव्हे.) शिवाय एक मर्यादा आदल्या रात्री सर्वांसमक्ष ठरवून ठेवा: एक वाजेपर्यंत शेवटची सायकल अकोल्याच्या वळणरस्त्यावर पोहोचली नाही, तर सायकलप्रवास तिथेच संपेल आणि पुढे सगळे सोबतच्या गाडीने जातील. असा निर्णय थकलेल्या माणसांनी रस्त्यावर घ्यायचा नसतो, कारण तेव्हा तो निर्णय राहत नाही, कोणाचा तरी अपमान होतो.

सोळा हा वेग तुम्हाला कमी वाटेल आणि त्या दोन मुलांना तर हास्यास्पद वाटेल. त्यांना हे सांगा की, लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत जगभर मान्य असलेली २०० किलोमीटरसाठीची वेळमर्यादा साडेतेरा तासांची आहे, म्हणजे थांब्यांसह ताशी पंधरापेक्षाही कमी. तुमची योजना थांब्यांसह ताशी साडेबाराची आहे. ती अवघड नाही, पण तिच्यात उधळपट्टीला जागा नाही. आणखी एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे. तुमच्या गावात झाला तोच तंटा शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्येही होता. तिथे १९०४ साली 'ओदाक्स' नावाची रीत सुरू झाली, तिच्यात सगळे सायकलस्वार एका म्होरक्याच्या मागे एकाच ठरलेल्या वेगाने जातात आणि म्होरक्याला ओलांडायची कोणालाही मुभा नसते. पुढे १९२१ मध्ये पॅरिसच्या एका मंडळाने दुसरी रीत आणली: प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावे, फक्त ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी हजर व्हावे. दोन्ही रीती आजही चालू आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. गेल्या वर्षी तुमच्यातले नऊ जण पहिल्या रीतीने निघाले होते आणि दोघे दुसऱ्या. तसे आधी कोणी कोणाला सांगितले मात्र नव्हते. भांडणाचे अर्धे मूळ मला इथे दिसते. त्या मुलांना यंदा दुसऱ्या रीतीने जायचे असेल तर खुशाल जाऊ द्या, पण मग ते तुमच्या अकरांत धरायचे नाहीत. अकरांत यायचे असेल तर म्होरक्याच्या मागे.

म्होरक्या कोण असावा, यावर मात्र माझे मत ठाम आहे. सर्वांत वेगवान माणूस म्होरक्या नको; तो दर दहा मिनिटांनी नकळत वेग वाढवतो. ज्याचा स्वभाव रटाळ आहे, ज्याला पुढे कोण गेले याचे काही वाटत नाही आणि जो मनगटावरचे घड्याळ पाहतो, असा मधल्या ताकदीचा माणूस पुढे घाला. माझा अंदाज आहे की तो माणूस तुम्हीच आहात. सर्वांत हळू चालणारी सायकल त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. गावोगावी पाहतो, थकलेला माणूस नेहमी शेवटी टाकलेला असतो आणि तिथेच तो आणखी थकतो; कारण रांग वळणावर किंवा खड्ड्याला आवळली की पुढच्यांना जे थोडे हळू व्हावे लागते, त्याची भरपाई शेपटीकडच्याला प्रत्येक वेळी जोर मारून करावी लागते. शिवाय पुढे माणूस असला की वारा अडतो. तुमच्या वेगाला हा फायदा फार मोठा नाही, पण दुपारी समोरून वारा सुटला तर तोच थकलेल्या माणसाला तारतो. शेवटी राहावे त्या दोन मुलांपैकी एकाने, पंप आणि पंक्चरची पेटी घेऊन. मागे पडलेल्याला सोबत करून पुन्हा रांगेत आणून सोडण्याइतका दम त्याच्याच छातीत आहे. दुसऱ्याला पुढच्या थांब्यावर आधी जाऊन पाणी भरून ठेवण्याचे काम द्या. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने वेळेत पूर्ण केली. अशा शर्यतीत 'एकट्याने' म्हणजे सायकलवर एकटा. मागच्या गाडीत खाणे-पाणी पाहणारी माणसे दिवसरात्र असतात. त्या माणसांचे काम कमी प्रतीचे असते असे वाटणाऱ्याने लांबच्या वाटेला लागू नये.

आता बोरगाव मंजू. दोन घरांचा अबोला ज्या भांडणातून आला, ते भांडण पाण्याच्या बाटलीचे नसावे. सकाळी काय खाल्ले होते हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण आपल्याकडचा रिवाज मला ठाऊक आहे: मूर्तिजापूरच्या आधी कुठेतरी तर्री-पोहे, त्यावर दोन चहा, आणि 'आता जेवण अकोल्यातच'. पोह्यांवरचा तो लाल तेलाचा थर पोटात जड होऊन बसतो, चहाची साखर अर्ध्या तासात संपते आणि स्नायूंत व यकृतात साठलेली साखर सायकल हाकता हाकता काही तासांत आटत जाते. ती आटली की पाय तर जड होतातच, पण त्याच्याही आधी डोके फिरते. माणूस चिडचिडा होतो, शब्द टोचतात, रडू येते. मी कृषी सहायक म्हणून अर्धी नोकरी सायकलवर केलेला माणूस. मला वाटे मला हे होणार नाही. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही सहा मित्र वर्ध्याहून रामटेकला एका दिवसात निघालो, तेव्हा कामठीच्या पुढे मी सायकल रस्त्याकडेला टाकून दिली आणि माझ्या बालमित्राला, त्याने सायकलच्या कुलुपाची किल्ली माझ्याकडे का दिली नाही, यावरून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने काही उत्तर दिले नाही. खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. वीस मिनिटांनी मला किल्लीचे काहीच वाटेनासे झाले. लाज मात्र अजून वाटते. दीड वाजताची वेळ, ६४ किलोमीटर, पोटात पोहे: त्या दिवशी जे बोलले ते उपाशी माणसांचे बोलणे होते, हे तुम्ही दोन्ही घरी जाऊन सांगून पाहा. समेट होईलच असे मी म्हणत नाही, पण निदान एक खरे कारण दोघांच्याही समोर येईल.

यंदा भूक लागण्याची वाटच पाहू नका. पहिला तास संपला की घास, आणि मग दर पाऊण तासाला घास, भूक असो वा नसो. एका तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जावे, असे मानले जाते. एका मध्यम केळ्यात ते सुमारे २५ ग्रॅम असते, यावरून अंदाज येईल. केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, दुपारी दहीभात, असे साधे आणि रोजचे खाणे घ्या. संत्र्याने तोंडाला चव येते आणि आपल्या भागातला माणूस संत्री घेतल्याशिवाय निघायचा नाही, पण त्यावर पोट चालत नाही. शेगावची कचोरी शेगावात पोहोचल्यावर. आणि पाण्याकडे विशेष लक्ष द्या, कारण तुमच्या वाटेचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातून (जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या पट्ट्यातून) किंवा त्याच्या कडेने जातो. तिथल्या विहिरी आणि हातपंप दिसले म्हणून बाटली भरून घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण उत्साहात तरुण मुले तेच करतात. प्रत्येकाच्या सायकलवर दोन बाटल्या आणि गाडीत दोन मोठे कॅन घरूनच भरून घ्या. सकाळी तासाला अर्धा लिटर, दुपारी थोडे अधिक, घोट घोट. दर दुसऱ्या बाटलीत मीठ, साखर आणि लिंबू असू द्या. एकेकाची बाटली वेगळी ओळखू यावी म्हणून तिला रंगीत सुतळी बांधा. तुमच्या गावाला याची गरज आहे असे दिसते.

मोठ्या बाबांच्या एकाच चाकाचे तीनदा पंक्चर झाले, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून हसलो, कारण ती तीन पंक्चर नव्हती. ते एकच पंक्चर तीनदा झाले होते. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो, टोक आत राहते आणि बाहेरचा भाग झिजून टायरच्या बरोबरीत येतो, त्यामुळे वरून पाहिले तर काहीच दिसत नाही. घाईत माणूस ट्यूब काढतो, पॅच लावतो किंवा नवी ट्यूब घालतो, हवा भरतो आणि पाच-सात किलोमीटरवर तोच काटा पुन्हा आपले काम करतो. ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून एक फडके सावकाश पूर्ण फिरवायचे. जिथे अडकेल तिथे काटा आहे, तो चिमट्याने उपसून काढल्याशिवाय ट्यूब बसवायची नाही. महामार्गावर फाटलेल्या ट्रक-टायरमधून निघालेल्या बारीक तारांचे तुकडेही असेच घुसतात आणि ते काट्याहून कठीण सापडतात. रस्त्यात पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला आणि फाटकी ट्यूब जेवणाच्या थांब्यावर दुरुस्त करा. अकरा सायकलींच्या चाकांची मापे एक नसणार. टायरवर लिहिलेले आकडे वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब ठेवा. निघण्याआधी दहा दिवस सगळ्या सायकलींचे ओव्हरहॉलिंग करून घ्या: चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणे, छर्रे धुऊन ग्रीस भरणे, ब्रेकचे रबर बदलणे, झिजलेली चेन काढून टाकणे. आदल्या दिवशी करू नका, कारण नव्याने उघडलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये एकदा तरी ढिली होते.

सीटची उंची हा विषय वरवर क्षुल्लक आहे, पण आपल्या गावांत दहापैकी सात सीटा इतक्या खाली असतात की गुडघे पोटाला लागतात. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे मग पंजाने पॅडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. बाजारात जायला खालची सीट चालते, शेगावला नाही. तुमची वाट बहुतेक सपाट आहे आणि अमरावतीपेक्षा अकोला थोडे खालीच आहे, याचा आनंद मानू नका. घाटाच्या रस्त्याला उतारावर बूड उचलायला मिळते, पाय मोकळे होतात. सपाटीवर आठ तास एकाच जागी, एकाच बाकात बसावे लागते. दर दहा मिनिटांनी चार पॅडल उभे राहून मारा, मुठीची जागा बदला, शिवणी जाड असलेली पँट घालू नका आणि मांडीच्या सांध्याला निघतानाच खोबरेल तेल लावा.

पुतणीबद्दल. तुमच्या गावातल्या विरोधाचे उत्तर तुमच्या गावातच आहे. ती अकरावीला शिकायला रोज सायकलने जाते का, हे तुम्ही लिहिले नाही, परंतु आपल्याकडच्या बहुतेक मुलींप्रमाणे जात असेल, आणि शाळा-महाविद्यालय सहा-सात किलोमीटरवर असेल, तर ती रोज बारा-चौदा किलोमीटर पाठीवर दप्तर घेऊन चालवते, पावसातही आणि उन्हातही. वर्षातून एकदा उत्साहाने सायकल पुसून काढणाऱ्या पुरुषांपेक्षा तिचा सराव अधिक आहे. तिच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे आणि तिचा विचार पुरुषांनी करायचा असतो: थांबे टपरीवर न ठेवता स्वच्छतागृह असलेल्या पेट्रोलपंपावर ठेवा आणि आठवडाभर आधी मोटरसायकलने जाऊन ते उघडे व वापरण्याजोगे आहे का, हे पाहून या. मुलींच्या घरच्या एका बाईला गाडीत बसवा. पाळीचे दिवस आले तर गाडीत बसायचे की सायकलवर, हे ती ठरवील. त्यावर रस्त्यात चर्चा नको.

आता मोठे बाबा. त्यांना नाही कसे म्हणावे असे तुम्ही विचारता, पण नाही म्हणायचे की हो, हे तुम्ही ठरवायचेच नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे आहे, आणि त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जा आणि 'थोडी सायकल चालवायची आहे' असे मोघम न सांगता आठ तास, १२८ किलोमीटर असे स्पष्ट सांगा. हृदयाची तपासणी करून घ्यावी का, हे विचारा. साखरेच्या काही गोळ्यांमुळे दीर्घ श्रमात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यांची गोळी त्या प्रकारची आहे का आणि त्या दिवशी ती कशी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने गोळी चुकवू नका. हात थरथरणे, गार घाम, एकाएकी चिडणे किंवा बरळणे दिसले तर ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यायचे. ते त्यांच्या खिशात असावे आणि त्यांच्या मागच्या स्वाराला ठाऊक असावे. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, न थांबणारा दम, यापैकी काहीही झाले तर सायकल तिथेच ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची, 'थोडं बसतो, बरं वाटेल' हे ऐकून घ्यायचे नाही.

डॉक्टरांनी हो म्हटले तर दुसरी परीक्षा सरावाची. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तुम्ही सगळे ७० किलोमीटर करणार आहात (सरावाचे वेळापत्रक पुढे देतो). ते त्यांनी सर्वांबरोबर, बोलत बोलत पूर्ण केले आणि दुसऱ्या दिवशी ते रोजच्यासारखे उठून बसले, तर त्यांना थांबवायला तुमच्याकडे कारण उरत नाही. बोलण्याची कसोटी तुम्हा सगळ्यांनाच लागू आहे: सायकल चालवताना अख्खे वाक्य दम न लागता बोलता येत नसेल तर रांगेचा वेग जास्त आहे. आणि सत्तर झाले नाहीत, तर अकोल्यापासून पुढचे ४६ किलोमीटर त्यांचे. त्यांची सायकल सकाळी गाडीत चढवा आणि जेवणानंतर उतरवा. तिथून पुढे सगळ्यांचे पाय ८२ किलोमीटर चालून आलेले असतील आणि त्यांचे ताजे असतील, म्हणजे त्यांना कोणासाठी थांबावे लागेल, त्यांच्यासाठी कोणाला नाही. हे त्यांना आजच सांगा, आदल्या रात्री नव्हे.

सरावाचे बाकीचे गणित सोपे आहे. आता हातात आठ आठवडे आहेत. आठवड्यातून दोनदा तासभर आणि रविवारी लांबची फेरी: आधी ३०, मग ४०, ५०, ६०, जानेवारीच्या सुरुवातीला ७०, त्यानंतर एकदा ९०. शेवटच्या रविवारच्या आधीचा आठवडा हलका ठेवा. तूर आणि कापूस घरात येण्याचे दिवस आहेत, सगळ्यांना सगळे रविवार मिळणार नाहीत, हे मी जाणतो. पण ७० आणि ९० या दोन फेऱ्या ज्याने चुकवल्या तो येत नाही, असा नियम करा आणि तो स्वतःच्या भावालाही लावा. त्या फेऱ्यांत सायकल, कपडे, खाणे आणि रांगेतले क्रमांक प्रत्यक्ष दिवशीचेच असू द्या.

रस्त्याविषयी थोडे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोल्यादरम्यान याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीजचा विक्रम झाला होता, ते तुम्ही जवळून पाहिले असेल. रस्ता चांगला झाला की वाहने वेगाने जातात, त्यामुळे सायकलला तो अधिक जपून वापरावा लागतो. डांबरी कडेने एकेरी रांग, दोन जण शेजारी शेजारी गप्पा मारत जायचे नाही. अकरांची एक रांग फार लांब होते. सहा आणि पाच असे दोन तुकडे करून मध्ये शंभरेक मीटर सोडा, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला सामावून घेता येते. पुढच्या चाकात आणि आपल्या चाकात एका सायकलचे अंतर ठेवा, खड्डा दिसला की हात दाखवून ओरडा. कडेने उलट दिशेने येणाऱ्या मोटरसायकली आणि जिनिंगकडे निघालेले, कापसाने दोन्ही अंगांना फुगलेले टेम्पो, या दोघांपासून सर्वाधिक सांभाळा. टेम्पोच्या चालकाला स्वतःच्या गाडीची रुंदी त्या दिवशी माहीत नसते. तुमची सोबतची गाडी सायकलींच्या मागे हळूहळू चालवू नका, महामार्गावर तेच अपघाताला आमंत्रण ठरते. ती पंधरा किलोमीटर पुढे जाऊन थांबावी, तुम्ही पोहोचलात की पुन्हा पुढे जावी. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या मडगार्डला लाल दिवा किंवा निदान चकाकणारी पट्टी हवी, यावर मी वाद घालणार नाही.

परतीचा प्रवास सायकलने नको. शेगावात दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याआधी दहा मिनिटे नुसते चाला, नाहीतर पाय रांगेतच आखडतील. रात्री मुक्काम करा आणि सोमवारी गाडीने निघा. सायकली उभ्या बांधा, दोन सायकलींच्या मध्ये रिकामी पोती घाला, म्हणजे पॅडलने दुसऱ्याचे आरे वाकणार नाहीत. मोठ्या बाबांची सायकल सर्वांत शेवटी, दाराजवळ चढवा. गावाच्या फाट्यावर गाडी थांबवायला ते सांगतील, तेव्हा ती आधी उतरवता आली पाहिजे.